कात टाकायच्या दिवसांत जायफळ असा का वागला: एका बॉल पायथनची पूर्ण केस

जायफळ म्हणजे बॉल पायथन, आफ्रिकेतला एक बिनविषारी अजगर, नर, वय साधारण तीन वर्षं, वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास, मुक्काम शिकागोजवळच्या एका उपनगरातलं मराठी घर. घरात आई, बाबा आणि नववीतला मुलगा, साप मुलाचा. त्यांना विचारूनच लिहितोय, माणसांची नावं देत नाही, सापाचं तेवढं देतो, अंगावरची तपकिरी-सोनेरी नक्षी बघून मुलाच्या आजीने ठेवलेलं आहे आणि त्याला ते शोभतं. मी बरीच वर्षं याच जातीचे साप पाळतोय, त्यामुळे इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींत कुणाच्या सापाचं काही बिनसलं की फोन येतो. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं कारण यात कात टाकण्याच्या काळातला जवळजवळ प्रत्येक बदल ठळक दिसला आणि घरच्यांनी त्यातल्या बहुतेकांचा अर्थ वेगळाच लावला, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघणाऱ्या कुणालाही तो तसाच वाटेल.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. नाग, धामण, आपला अजगर, असा कुठलाही भारतीय साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तिथे सर्पमित्राला बोलवायचं आणि साप सोडून द्यायचा एवढाच मार्ग. बॉल पायथन परदेशी आहे, पण तोही साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतात असे प्राणी ठेवायचे तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. ही केस अमेरिकेतली आहे, तिथले नियम वेगळे.

आता मूळ विषय. जानेवारी, बाहेर कडाक्याची थंडी, घरातलं हीटिंग चोवीस तास चालू. मुलाला वहीत नोंदी ठेवायची चांगली सवय आहे, कधी खाल्लं, किती वजन, कधी शी केली, सगळं तारखेनिशी, आणि त्या वहीमुळेच मला मागचे पंधरा दिवस नीट जुळवता आले. एरवी जायफळचा क्रम ठरलेला, दिवसभर हाइडमध्ये, म्हणजे लपायला ठेवलेल्या आडोशात, गुंडाळी करून झोप, रात्री नऊ-दहाला डोकं बाहेर, मग टँकभर, म्हणजे त्याच्या काचेच्या पेटीभर, एक फेरी आणि पुन्हा आत, आणि दर दहा-बारा दिवसांनी वितळवलेला फ्रोझन उंदीर, तो कधी सोडला नाही.

पहिली नोंद ही की उंदीर दिला, हुंगला सुद्धा नाही. त्याच दिवशी मुलाने लिहिलंय की रंग मळकट वाटतोय आणि पोट गुलाबीसर दिसतंय. पुढचे तीन-चार दिवस साप हाइडच्या बाहेरच आला नाही, रात्रीसुद्धा नाही. बाबांना वाटलं थंडी लागतेय, म्हणून त्यांनी हीट लॅम्प मोठ्या वॅटचा आणून लावला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

इथे आत काय चाललेलं असतं ते सांगतो, नाहीतर बाकीचं कळणार नाही. सापाची बाहेरची त्वचा अंगाबरोबर वाढत नाही, जुन्या थराच्या खाली नवा थर अख्खा तयार होतो, खवल्यांसकट, आणि तो तयार झाला की मधले पेशींचे थर विरघळून दोन्हींच्या मध्ये पातळ द्रव साचतो. हा द्रव अंगभर असतो म्हणून साप फिका, धुरकट दिसतो, आणि डोळ्यांवर तर स्पष्टच कळतं कारण सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर बदलतो. त्या दोन खवल्यांच्या मध्ये द्रव आला की डोळा दुधाळ निळा होतो. इंग्रजीत बोलणारे पाळणारे त्याला ब्लू म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो, साप ब्लूमध्ये आहे. मग काही दिवसांनी द्रव शोषला जातो, डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर साधारण तीन ते पाच दिवसांनी, कधी आठवड्याने, कात निघते. रंग मळण्यापासून कात पडेपर्यंत एक ते दोन आठवडे धरायचे. लहान पिल्लं महिन्याभराने कात टाकतात, मोठे बॉल पायथन चार ते आठ आठवड्यांनी, पण हे खाण्यावर आणि वाढीवर अवलंबून आहे, वेळापत्रक नाही.

म्हणजे न खाणं, लपून बसणं, रंग उतरणं हे तिन्ही इथे एकाच गोष्टीचे भाग होते. काही साप ब्लूमध्येही खातात, माझ्याकडची एक मादी कधीच सोडत नाही, पण बहुतेक सोडतात आणि त्यांना आग्रह करू नये. शिवाय नर बॉल पायथन थंडीच्या महिन्यांत, प्रजननाच्या काळात, तसेही कित्येक आठवडे उपाशी राहतात, त्यामुळे नुसतं खाल्लं नाही यावरून काहीच ठरत नाही, वजन बघायचं.

पाचव्या दिवशी डोळे निळे झाले आणि घरात गडबड उडाली. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्या म्हणाल्या अरे याला मोतीबिंदू झालाय. मुलाला कातीचं माहीत होतं, त्याने समजावलं, सगळे शांत झाले. पण त्याच संध्याकाळी टँक साफ करायचा म्हणून त्याने हाइड उचललं आणि हात आत घातला, तर जायफळने मनगटावर झडप घातली. चावा किरकोळ, दोन-चार लाल ठिपके, बॉल पायथन बिनविषारी असतो, पाण्या-साबणाने धुतलं की झालं. पण हा साप दोन वर्षांत एकदाही चावला नव्हता, अंगाला हात लावला की डोकं वेटोळ्यात लपवून बॉल करून बसणारा, आणि म्हणून मुलाला फार लागलं ते मनाला. त्यात आजी म्हणाल्या, आदल्या आठवड्यात तू टँक या भिंतीवरून त्या भिंतीला हलवलास ना, त्याने डूख धरलाय.

डूख धरण्याची समजूत आपल्याकडे किती खोल आहे हे मला माहीत आहे, माझ्या घरातही लहानपणी तेच ऐकलं. पण सापाच्या मेंदूत अमुक माणसाने मला त्रास दिला, त्याचा सूड घेऊ, असं साठवून ठेवण्याची सोय नाही. त्या संध्याकाळी झालं ते एवढंच की ज्याला धड दिसत नव्हतं, ज्याच्या अंगावर दोन कातड्या होत्या, त्याच्या डोक्यावरचं छप्पर अचानक उडालं आणि एक मोठी गरम वस्तू वरून अंगावर आली. जंगलात वरून येणारी गोष्ट म्हणजे घार नाहीतर मुंगूस. ब्लूमधल्या सापाची नजर अंधूक असते आणि तो स्वतःला बचावात धरतो, म्हणून त्या दिवसांत हात लावायचा नाही, साफसफाई शी झाली असेल तर तेवढीच, पाणी बदलायचं आणि झाकण बंद. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा काही खुलला की मला बरं वाटलं, इतके दिवस तो मनात धरून बसला होता की माझा साप माझ्यावर चिडलाय.

आठव्या दिवशी डोळे साफ. वहीत लिहिलंय, बरा झाला. आणि खरी अडचण नेमकी इथून सुरू होते.

डोळे साफ झाले म्हणजे कात टाकून झाली नाही, कात आता निघणार आहे. पण ज्यांनी ब्लू बघितलाय त्यांना साफ डोळे दिसले की सगळं संपल्यासारखं वाटतं. त्या रात्रीपासून जायफळ फिरायला लागला. आधी रात्रीच, मग दिवसाढवळ्यासुद्धा, काचेच्या कडेकडेने सतत चक्कर, नाक काचेच्या कोपऱ्यावर घास, जाळीच्या झाकणावर घास, लाकडाच्या तुकड्यावर घास, आणि मध्येच पाण्याच्या भांड्यात तासन् तास बसून राहायचं. घरच्यांनी म्हटलं आता भूक लागली, इतके दिवस खाल्लं नाही ना, शोधतोय. दोनदा उंदीर दिला, दोन्ही वेळा घेतला नाही. मग म्हटलं कंटाळलाय, बाहेर यायचंय, म्हणून मुलगा रोज संध्याकाळी त्याला सोफ्यावर काढून घेऊन बसायला लागला, प्रेमानेच. असा एक आठवडा गेला. मग मानेपाशी कातीचे फाटके तुकडे लोंबताना दिसले आणि वहिनींचा, म्हणजे मुलाच्या आईचा, फोन आला, "भाऊजी, त्याची सालं निघतायत हो, जरा येऊन बघता का?"

मला या केसमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे फिरणं. कात टाकायच्या आधी थोडं फिरणं आणि नाक घासणं अगदी नैसर्गिक आहे, साप ओठाच्या कडेची कात खरखरीत ठिकाणी घासून सोडवतो आणि मग तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो, कात पायमोजा उलटा काढल्यासारखी मागे राहते. हे काम एका रात्रीत, पुष्कळदा तासाभरात होतं. पण तेच घासणं चार-पाच दिवस चाललं आणि कात दिसत नाही, तर त्याचा अर्थ साप प्रयत्न करतोय आणि कात सुटत नाहीये. आणि त्यात पाण्यात बसून राहणं आलं की कोरडेपणाचा संशय पहिला घ्यायचा. पाण्यात बसायची आणखी दोन कारणं असतात, टँक फार गरम असणं किंवा अंगावर माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, होणं, ती तपासायचीच. कात बदलताना सापाच्या त्वचेतून एरवीपेक्षा जास्त पाणी उडून जातं, नव्या थराची पाणी धरून ठेवायची ताकद अजून पक्की झालेली नसते, त्यामुळे त्या दिवसांत तो स्वतःहून ओल शोधतो. जायफळला ओल फक्त त्या भांड्यात सापडत होती.

मी गेलो तेव्हा आधी सापाला हात न लावता टँक बघितला. काचेचा टँक, वर पूर्ण जाळी, जाळीवर तो नवा मोठा लॅम्प, खाली अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा कोरडा भुसा, पाण्याचं भांडं छोटं. ह्युमिडिटी मीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारा, होता, काट्याचा, वरच्या काचेला चिकटवलेला, आणि तो ६० टक्के दाखवत होता. म्हणून घरच्यांना कधी शंकाच आली नाही. मी माझा डिजिटल मीटर, ज्याला वायरवर सेन्सर असतो तो, साप जिथे बसतो तिथे भुशावर ठेवला आणि आम्ही चहा प्यायला बसलो. चहा झाल्यावर बघितलं तर गरम बाजूला २६ टक्के आणि थंड बाजूला ३३. वहिनी म्हणाल्या मग हा काटा काय दाखवतोय? तो मीटर मी टँकबाहेर टेबलावर ठेवला, तिथेही तो ६० च दाखवत राहिला. हे काट्याचे स्वस्त मीटर असेच असतात, माझं स्पष्ट मत आहे की ते विकायलाच नकोत.

आकडा इतका खाली का गेला ते सोपं आहे. कडाक्याच्या थंडीतल्या हवेत बाष्प फार थोडं असतं, ती हवा घरात येऊन बावीस अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पार कोसळते, आपले ओठ फुटतात, दाराच्या कडीचा शॉक बसतो, सापाचंही तेच होतं. वर जाळी आणि दिवा, म्हणजे टँकमधली होती-नव्हती ती ओलही वर निघून जाणार. बाबांनी मोठा लॅम्प लावला काळजीपोटी, पण त्याने भर पडली. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला, आणि तिथे हिवाळ्यात हरमाटनचा कोरडा वारा वाहतो हे खरं, म्हणून काही लोक म्हणतात याला कोरडं चालतं. पण हा साप त्या वाऱ्यात उघड्यावर बसत नाही, तो उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात जमिनीखाली असतो आणि तिथली हवा दमट असते. आपण त्याला बीळ न देता वारा तेवढा देतो.

मग साप बघितला. मानेवर आणि पाठीवर कातीचे कोरडे तुकडे चिकटलेले, पोट बहुतेक सुटलेलं. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीचं कडं. डावा डोळा उजव्यापेक्षा निस्तेज आणि त्यावर बारीक सुरकुती, कडेला खरखरीत काठ, म्हणजे जुना खवला तसाच राहिलेला. नाकाचा शेंडा घासून लालसर. माइट्स नाहीत, डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची घडी आणि पाण्याच्या भांड्याचा तळ बघितला, काळे ठिपके कुठेच नव्हते. तोंड बंद, श्वासाचा आवाज नाही, नाकातोंडाशी फेस नाही. हे बघणं फार गरजेचं, कारण तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, फेस, डोकं वर करून ताठ बसणं, किंवा पाठीवर टाकलं तर सरळ होता न येणं, यातलं काहीही सहसा कातीमुळे होत नाही आणि त्यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, सरळ व्हेटकडे. वजन वहीतल्या आकड्यापेक्षा वीस-पंचवीस ग्रॅमने कमी, काळजीचं नाही.

उपाय. झाकणाला भोकं असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात कोमट पाण्याने ओला करून पिळलेला टॉवेल, त्यात जायफळ, खोली गरम, आणि मुलगा शेजारी बसून. पाण्यात बुडवायचं नाही, लोक टबमध्ये पाणी भरून साप सोडून निघून जातात, त्यात दमून बुडालेले साप आहेत. अर्ध्या-पाऊण तासाने त्याला हातातल्या दुसऱ्या ओल्या टॉवेलमधून स्वतःच्या गतीने सरकू दिलं, तो पुढे जातो आणि टॉवेल कात धरून ठेवतो, ओढायचं आपण नाही. पाठीचे तुकडे असे निघाले. शेपटीचं कडं मी ओल्या बोटांनी हळूहळू गोल फिरवत काढलं, त्याला वेळ लागला पण ते सोडून चालत नाही, कारण सुकलं की ते आवळतं, रक्त पोचत नाही आणि दोन-तीन काती अशा साचल्या की शेपटीचं टोक काळं पडून गळतं. मी असे टोक नसलेले साप पाहिलेत आणि मला दर वेळी राग येतो, कारण हे टाळता येणारं आहे.

डोळ्याला मात्र हात लावला नाही. मुलगा चिमटा घेऊन तयार होता, कुठेतरी व्हिडिओ बघितला होता त्याने. मी म्हटलं, "चिमटा आत ठेव बाळा, ते साल आहे की खालचा नवा खवला आहे हे आपल्याला इथे बसून कळणार नाही, आणि नवा ओढला गेला तर डोळा जातो." नाकाच्या जखमेसाठी तसंही सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटला दाखवायचं होतं. व्हेटने भिंगातून डोळा तपासला, जुना खवलाच अडकलाय हे नक्की केलं, नाकाला लावायला मलम दिलं, आणि डोळ्याचं म्हणाल तर दमटपणा वाढवा, पुढच्या कातीबरोबर निघेल, नाही निघाला तर या, एवढंच.

टँकमध्ये बदल केले ते सांगतो, यातला एकही महाग नाही. जाळीच्या झाकणाचा बराच भाग अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद केला, हवा खेळायला एक पट्टी मोकळी ठेवली. मोठा लॅम्प काढून जुना थर्मोस्टॅटसकट परत लावला, गरम जागा ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २६. भुसा काढून नारळाच्या सोडणाचे तुकडे चांगले हातभर घातले नसतील पण चार बोटं नक्की, आणि पाणी वरून न फवारता कोपऱ्यांतून खाली ओतायचं, म्हणजे खालचा थर ओला आणि सापाच्या पोटाखालचा कोरडा. सतत फवारून वरचा थर चिकचिकीत ठेवला तर पोटाच्या खवल्यांना इन्फेक्शन होतं, हा दुसऱ्या टोकाचा त्रास. आणि एक प्लास्टिकचा डबा, बाजूला साप जाईल एवढं गोल भोक, आत ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ, गरम आणि थंड बाजूच्या मध्ये. हा दमट हाइड एकटा जरी कुणी केला तरी निम्मी कामं होतात. दोन दिवसांत मीटर ६५ ते ७० वर स्थिर झाला. वहिनींनी मीटरचा दुसरा डिस्प्ले स्वयंपाकघरात ठेवून घेतलाय.

पुढची कात सहा आठवड्यांनी आली. या वेळी मुलाने वहीत रकाने केले होते, रंग, डोळे, कुठे बसला, रात्री फिरला का. रंग उतरला त्याच दिवशी जायफळ मॉसच्या डब्यात गेला आणि जवळपास आठवडाभर तिथेच. डोळे निळे झाले, कुणी हात लावला नाही, उंदीर वितळवलाच नाही. डोळे साफ झाल्यावर तीन दिवस तो डब्यातच, चौथ्या रात्री बाहेर येऊन लाकडावर नाक घासायला लागला, आणि सकाळी अख्खी कात एकसंध, शेपटीच्या टोकापर्यंत. मुलाने फोटो पाठवले. मी म्हटलं डोक्याचा भाग ओला कर, उलगड आणि उजेडात धर, दोन्ही डोळ्यांच्या चकत्या दिसतायत का बघ. दोन्ही होत्या, आणि डावी जाड होती, तिच्यात मागचा खवला चिकटून आलेला. सापाचा डावा डोळा उजव्यासारखाच चमकत होता.

कात टाकल्यावर दोन दिवसांनी त्याने शी केली, तीही पुष्कळ, हे नेहमीचंच, बरेच साप कातीनंतर पोट मोकळं करतात. उंदीर त्याने लगेच घेतला नाही, अजून दोन आठवडे सोडला, पण वजन हललं नव्हतं आणि मार्च लागला होता, म्हणून कुणी घाबरलं नाही. नाकावरची खूण त्या कातीनंतर फिकट झाली, व्हेट म्हणतात आणखी एक-दोन कातींत भरून येईल.

आजींनी फोनवर विचारलं, डूख गेला का? मुलाने त्यांना ब्लूमधल्या डोळ्याचा आणि आताच्या डोळ्याचा फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवला आणि खाली लिहिलं, आजी, त्याला तेव्हा दिसत नव्हतं.